सुटे चौकोन

"जोडायचं नाय म्हंजे नाय, आपा," आशाबाई म्हणाली आणि लोकरीच्या चौकोनांचा डबा तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला. "लेकरू हातात आल्याबिगर सुई लावू द्यायची नाय मी."

"और मैं तो जुम्मे को सोलापूर चली," शेजारची मेहरुन्निसा म्हणाली. "फिर कौन जोडता? तू? तेरेकू जोडना आता क्या?"

येत नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांना ओटा एकच. त्याच ओट्यावर बसून मेहरुन्निसानं तिला क्रोशा शिकवला होता, दोघींचे नवरे जिवंत होते तेव्हा. पण आशाबाईचा हात जात्याच आवळ. दोरा असा ओढून धरायची, की कुणी हिसकावून न्यायलाच आलंय. त्यामुळे तिचे चौकोन बोटभर लहान व्हायचे आणि मेहरुन्निसाचे ऐसपैस. दोन्ही एकत्र जोडायचे तर आशाबाईच्या चौकोनांना कडेनं एक जादा फेर द्यावा लागे. तो फेर कुठं सैल सोडायचा आणि कुठं ओढायचा, हे मेहरुन्निसालाच जमायचं.

आशाबाईला तऱ्हाही एकच येई, साधी जाळीची. साखळीचं कडं करायचं, त्यात तीन-तीन उभ्या टाक्यांचे खांब घालायचे, चार कोपरे वळवायचे, की झालं. मेहरुन्निसाकडे मात्र नाना प्रकार. एकात मधोमध उठावाच्या पाकळ्यांचं फूल, एकात आधी गोल सूर्य आणि मग त्याला कडेकडेनं चौकोनात बसवलेलं, आणि एक बिनजाळीचा, भरीव, ज्यातून वारं म्हणून जायचं नाही. "ये बच्चे के सीने पे आना," असं म्हणत भरीव चौकोन तिनं निराळे ठेवले होते.

बाळ आशाबाईच्या लेकीला, छबूला व्हायचं होतं. छबूचा नवरा रामकिसन वाळूजला कंपनीत होता, बिऱ्हाड बजाजनगरला. आधीचे दोन गर्भ धरता धरता सुटले होते. हे तिसरं नवव्या महिन्यापर्यंत आलं, तेव्हा आशाबाई तिला माहेरी घेऊन आली आणि देवाला काय काय बोलली, ते तिचं तिलाच माहीत.

जन्माआधी बाळासाठी नवं काही करून ठेवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. पहिलं अंगडंसुद्धा जुन्या लुगड्याचं. पण थंडी तोंडावर होती, हात स्वस्थ बसत नव्हते, म्हणून आशाबाईनं वकिली वाट काढली. सुटा चौकोन म्हणजे काही कपडा नव्हे. त्याला कुणी दुपटं म्हणेल का? मग करायला काय हरकत आहे? असे चौकोन करून करून डबा भरला होता. आता मेहरुन्निसाच्या मुलानं तिला सोलापूरला कायमचं बोलावलं आणि वकिली अडली.

"बच्चा आएगा तब मैं नइ रहती," मेहरुन्निसा हळूच म्हणाली. "मेरे हाथ का कुछ तो रहना ना उसके पास."

त्यावर आशाबाई पाघळली. डबा तिनं स्वतःच पुढं सरकवला. "पर येक चौकोन सुटा ठिव, आपा. म्हंजे पुरं झालं आसं व्हायचं नाय."

"ले, वो भी तेरे मन का," मेहरुन्निसा हसली आणि तिनं सुईत पांढरी लोकर ओवली.

दिवसभर ती जोडत राहिली आणि आशाबाई बाजूला बसून रंग लावून देत राहिली. छबू आत दाराजवळच्या खाटेवर पडून आईकडे आणि मेहरुन्निसाकडे, आपल्या खालाकडे, बघत होती. उन्हं उतरली तेव्हा आशाबाईनं दुपटं दोन्ही हातांनी पसरून तिला दाखवलं.

"कसं दिसतंय?"

"चांगलं हाय," छबू म्हणाली आणि भिंतीकडे वळली. दमली असेल, असं आशाबाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासायची पाळी होती. डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी ठेवली, उचलली, दुसरीकडे ठेवली. मग त्यांनी आशाबाईला बाहेर बसायला सांगितलं. मुलगा होता. डोक्यावर दाट जावळ होतं. रामकिसन आणि त्याचा भाऊ त्याला जुन्या धोतराच्या फडक्यात घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी आले.

छबू घरी आली ती दगडासारखी. रडली नाही, बोलली नाही. ताट समोर ठेवलं की जसंच्या तसं राहायचं. दूध मात्र आलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. आशाबाईनं लेकीची छाती फडक्यानं आवळून बांधली आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

छबूची सासू द्वारकाबाई भेटायला आली. बाई वाईट नव्हती. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले. उठताना तिची नजर पेटीवरच्या दुपट्यावर गेली.

"आधीच जोडून ठिवलं व्हतं व्हय?" एवढंच ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

एक चौकोन सुटा ठेवला होता, हे आशाबाईच्या ओठावर आलं होतं. पण ते आता तिचं तिलाच पोरकट वाटलं. मग सगळा दिवस द्वारकाबाईचं वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं आणि फिरता फिरता त्याला जागा सापडली ती शेजारच्या दारात. डबा आपणच पुढं सरकवला होता, हे ती सोयीनं विसरली. दुःखात माणूस कुणावर तरी जाऊन पडतं आणि जवळचं माणूस हाताशी असतं.

शुक्रवार येऊन गेला, मेहरुन्निसा सोलापूरला गेली नव्हती. दुपारी ती वाडग्यात मऊ भात घेऊन आली.

"ठिव तिथं," आशाबाई म्हणाली. आपा म्हणाली नाही.

"छबूने कुछ खाया?"

"तिचं तोंड कडू करून आता इचारतीस? तुझ्या घाईनं झालं समदं. काय सोलापूर पळून चाललं व्हतं?"

 मेहरुन्निसानं एकदा खाटेकडे बघितलं, वाडगं खाली ठेवलं आणि ती बाहेर गेली.

"आई," खाटेवरून आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "खालाला बोलू नको. दुपटं जोडायच्या आधीच पोट गप झालं व्हतं."

आशाबाई वळली. "काय म्हणतीस?"

"आदल्या दिवसापासून हलत नव्हतं. मला वाटलं, निजलं आसंल. मग लई भ्या वाटलं. तोंडानं बोललं की खरं व्हईल, म्हणून बोलले नाय. तुमी दोघी जोडत व्हता, हसत व्हता, अन् मी पोटावर हात ठिवून पडले व्हते." छबूचा आवाज कोरडा होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसा. "तवाच सांगितलं आसतं तर वाचलं आसतं. मीच मारलं त्याला, आई."

 म्हणजे दुपट्याचा दोष नव्हता. आपाचा तर मुळीच नव्हता. हे कळलं तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला धडकी भरली. कारण आता दोष घ्यायला कुणी उरलंच नव्हतं, एक तिची लेक सोडून. आणि लेकीनं तो कधीच उचलला होता, उपाशी पोटी.

"येडी का खुळी तू?" आशाबाई एकदम मोठ्यानं म्हणाली. "नवव्यात लेकराला हलायला जागा कुठं आसती? तू बी माझ्या पोटात आशीच गप पडली व्हतीस." हे धडधडीत खोटं होतं. छबूनं जन्माच्या घटकेपर्यंत लाथा मारल्या होत्या. "दुपट्यानंच झालं ते. रीत मोडली आपण."

"खरंच?"

"मग काय खोटं बोलती मी?"

छबू आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईला खोटं नीट बोलता येत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आशाबाई खाटेवरची चादर ओढून नीट करू लागली.

"हौ बेटा," दारातून मेहरुन्निसा म्हणाली. ती ओट्यावरच होती, तिनं सगळं ऐकलं होतं. आत येऊन ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. "तेरी अम्मा नक्को बोल्ली थी. हात जोड के बोल्ली थी. मैंच नइ सुनी. मेरेकू जाने की पडी थी."

आशाबाईनं बोलायला तोंड उघडलं. मेहरुन्निसानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि असा दाबला की ते तोंड मिटलं.

छबू उठून बसली. तिनं खालाकडे बघितलं.

"का जोडलं, खाला?" ती म्हणाली. मग ओरडली, "का जोडलंस? तुला ठावं नव्हतं व्हय, आधीची दोन गेली ते? कशाला हात लावलास?" उशी फेकली ती मेहरुन्निसाच्या छातीवर लागून खाली पडली. आणि मग छबू रडली, ऊर बडवून, गल्लीतली माणसं थबकावीत असं. मेहरुन्निसा पदर डोक्यावर घेऊन ऐकत राहिली. मध्येच जाऊ नये, हे तिला समजत होतं.

दोन दिवसांनी तिची पेटी रिक्षात चढली. ती निरोप घ्यायला आत आली, तेव्हा छबू तोंड फिरवून बसली होती. मेहरुन्निसानं दारातूनच बोटं कानशिलावर मोडली आणि ती परतली. आशाबाई तिच्यामागं रिक्षापर्यंत गेली. तिनं रिक्षाचा दांडा धरला.

"मला माफी दे, आपा. जरा सावरली की मी तिला खरं सांगीन."

"नक्को," मेहरुन्निसा म्हणाली. "बोली तो वो फिर सब अपने उपर लेती. रहने दे मेरे पास. सोलापूर में मेरेकू कौन पहचानता?" आणि ती हसली, पण ते हसू काही नीट जमलं नाही. रिक्षा वळली.

आशाबाई घरात आली. छबू स्वयंपाकाच्या जागेत पाट घेऊन बसली होती.

"गेली का ती?"

"गेली."

"बरं झालं," छबू म्हणाली आणि ताट पुढं ओढलं.

तुझ्या आजच्या घासाची किंमत ती देऊन गेली, असं आशाबाईच्या अगदी घशाशी आलं. ते तिनं गिळलं. छबूनं भाकरी मोडली, वरणात चुरली, मान खाली घालून पहिले घास खाल्ले. मग हात न थांबवता म्हणाली, "अजून येक टाक, आई."

आशाबाईनं परातीतल्या पिठात पाणी घातलं.