शिडीच्या मापाची काच

मी मोटरसायकलच्या पुढची काच बोलतेय. नाव काच असलं तरी अंग प्लास्टिकचं. खडा उडून लागला तर मी फुटत नाही, पण माझ्यापायी कुणावर खोटा आळ आला की तडकते. तो आला, म्हणून तोंड उघडलंय.

मला तापवून, साच्यावर वाकवून घडवलं. दुकानाच्या भिंतीवर आम्ही चौघी टांगलेल्या होतो आणि सगळ्यांत उंच मी. त्याचा मला तोराही होता.

एके दिवशी एक शिंपी आला, हातात सुतळी घेऊन. घरात दाराच्या चौकटीवर तो मुलीची उंची दरवर्षी पेन्सिलने मांडून ठेवायचा. शेवटच्या खुणेपर्यंत मोजून सुतळी कापली होती. मुलगी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून मोटरसायकलवरून प्रयोगशाळेत पोचवायची. दिवसभर वारा छातीवर घेऊन तिला खोकला जडला होता.

"सहा फुटांना एक बोट कमी. सगळ्यांत उंच काच द्या," शिंपी म्हणाला.

दुकानदाराने मला खाली उतरवलं. "तीस वर्षं हेच करतोय. उंच माणसाला उंच काच. त्यात बघायचं काय?"

मुलगी दारातच उभी होती. गल्लीत तिला सगळे शिडी म्हणतात. "एकदा गाडीवर बसून बघू द्या की."

"का? बसल्यावर तू काय वेगळी होतेस?" बाप म्हणाला. दोघे हसले. मीही हसले. मोठ्यांच्या सुरात सूर मिसळला, तिथेच माझं चुकलं.

रस्त्यावर पहिल्याच दिवशी कळलं. माझी वरची कड बरोबर शिडीच्या डोळ्यांसमोर येत होती. समोरचा ट्रक अर्धा माझ्यातून दिसायचा, अर्धा माझ्यावरून. मान ताणून बघावं तर वारा हेल्मेटला थपडा मारायचा. मान आत घ्यावी तर कड पुन्हा डोळ्यांत. संध्याकाळी घरी यायची ती डोकं धरूनच.

"खोकला गेला, आता डोकं," बाप म्हणाला. "काच तर सगळ्यांत भारी आणली. म्हणजे तुलाच झेपत नाही. महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर प्रयोगशाळेतच नोंदणीच्या खिडकीवर बस."

खिडकीवर! जी मुलगी एका दुपारी अकरा दवाखाने गाठते, तिला खिडकीवर बसवायला निघाले, आणि निमित्त कुणाचं, तर माझं. मोठ्यांना सांगायची इतकी सवय असते की विचारायचं राहूनच जातं.

महिना संपायला चार दिवस होते. सुटीच्या सकाळी शिडीने गाडी अंगणात उभी केली, हेल्मेट घातलं आणि वर बसली. "बाबा, माप घ्या."

"घेतलंय."

"ते उभ्याचं. पॅन्ट शिवताना गिऱ्हाइकाचं आसनही मोजता ना, नीट बसता यावं म्हणून?"

"मोजतो."

"मग मी काय उभ्याने गाडी चालवते?"

शिंपी आत जाऊन टेप घेऊन आला. सीटपासून डोळ्यांपर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "आईला बोलाव."

आई शिडीच्या खांद्याला जेमतेम लागते. नको नको म्हणत गाडीवर चढली. दोघींच्या मापात फरक निघाला दोन बोटांचा.

"म्हणजे हिची सगळी उंची पायांतच गेली," आई म्हणाली. "तरीच हिच्या पॅन्टला एवढं कापड लागतं."

बाप हसला नाही. शिंप्याचं माप चुकलं होतं, तेही घरातलं.

"काचेतून नाही, काचेवरून बघायचं असतं," शिडी आता हळू बोलत होती. "कड नाकाच्या शेंड्याला हवी. म्हणजे नजर वरून जाते आणि वारा हेल्मेटच्याही वरून."

त्याने खडूने माझ्यावर खूण केली. चार बोटं खाली. प्लास्टिकच्या पाट्या कापून बनवणाऱ्याकडे मला स्वतः घेऊन गेला. बारीक दातांची करवत पाहून माझा तोरा जिरला. करवत लागण्याआधी शिंपी मला थोपटत पुटपुटला, "मापात चूक माझी आणि कापायचं तुला."

आजवर त्याने कुणाची मागितलेली ही एकच माफी. मला पुरली.

दुसऱ्या दिवशी शिडी मोकळ्या रस्त्याला लागली. माझ्या कडेवरून वारा उचलला गेला आणि तिच्या डोक्यावरून निघून गेला. हेल्मेटच्या आत ती गुणगुणत होती. तोवर मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

संध्याकाळी बापाने शिलाईयंत्रावरून मान न उचलता विचारलं, "डोकं?"

"जागेवर आहे."

महिना संपला. खिडकीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता माझ्या अंगावर पावसापाण्याचे ओरखडे आहेत, कड थोडी पिवळी पडलीय. माझा कापलेला चार बोटांचा तुकडा शिंप्याच्या दुकानात टेपच्या शेजारी खिळ्याला लटकतो. उंच गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी तिकडे जाते आणि तो म्हणतो, "बसा आधी."

तुम्हीही उंच असाल आणि काच घ्यायला निघाला असाल, तर किती फूट ते सांगू नका. गाडीवर बसून दाखवा. आणि सोबत तीस वर्षांचा अनुभव आलाच असेल, तर त्यालाही म्हणा, बसा आधी.