दोन खटक्यांची सायकल

अमृतरावांची उभी हयात एसटी चालवण्यात गेली. त्यांच्या हातात गाडी असली की गिअर कधी बदलला ते प्रवाशाला कळत नसे, असं हिंगोली डेपोत सगळे म्हणत. अशा माणसाला निवृत्तीनंतर एका सायकलीनं पार चक्रावून टाकलं होतं.

शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. बदली होऊन निघालेल्या एका बँकेतल्या साहेबांकडून त्यांनी जुनी गिअरवाली सायकल घेतली. जाड टायर, हँडलच्या दोन्ही मुठींपाशी गिअर बदलायचा एकेक खटका. पण कनेरगाव नाक्याजवळच्या, घरासमोरच्याच चढाला लागलं, की अडकित्त्यात सुपारी सापडल्यागत चेन कर्र-कट्ट, कर्र-कट्ट करायची.

त्यांनी तेल पाजलं. चेन रॉकेलनं धुतली. मागचा एक स्क्रू पिळला, मग धास्तावून होता तिथं परत आणला. आवाज तसाच. शेवटी हिंगोलीच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं मागचं चाक उचलून धरलं, पायडल फिरवत दोन्ही खटके मधल्या घरावर आणून पाहिले. चेन लोण्यासारखी फिरली.

"चाचा, आवाज किधर है?"

अमृतराव ओशाळले. घरी आले, नेहमीसारखे खटके लावले आणि चढाला निघाले. कर्र-कट्ट! सायकलीला आपलाच राग आला की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

सून संध्या अंगणातून हे रोज बघत होती. त्या दिवशी ती म्हणाली, "मामा, मी चालवून बघू का? तुमी खाली राहून आवाज ऐका."

"तुला जमते?"

"माहेरी कॉलेजला सायकलवरच जायची मी."

हे अमृतरावांना माहीतच नव्हतं. ओढणी कमरेला खोचून संध्या चढाला निघाली, ते धापा टाकत मागं. सुरुवातीला कर्र-कट्ट झालं आणि एकदम थांबलं. संध्या वर पोचली, वळली, वाऱ्यासारखी खाली आली. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला असं खळखळून हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"काय केलंस गं?"

"काही न्हाई. पाय भरून आले, म्हणून डावा खटका एक घर खाली आणला."

"डावा? त्याला मी हातच लावत न्हाई! तीनवर ठेवला की जोर येते. चढाला फक्त उजवा एकवर घ्यायचा."

संध्यानं खाली वाकून दाखवलं. "तसं केलं की पुढं मोठी चकती आन मागं बी मोठीच. बघा, चेन कशी तिरपी होऊन राहिली. म्हणून घासते."

अमृतराव उकिडवे बसले. पुढं बघितलं, मागं बघितलं. मोठी चकती पुढं असली तर जड, तीच मागं असली तर हलकी? एसटीत गिअरचा एकच दांडा होता, तो कधी असा उलटा बोलला नव्हता.

"समजलं का, मामा?"

"न्हाई," ते खरं तेच बोलले. "पण डावा दोनवर ठेवतो."

ते सायकलवर बसले. चढ आला, चेन गप्प होती. आवाज नसल्याचाच आता त्यांना घोर लागला. मधेच थांबून त्यांनी मागं वाकून पाहिलं.

"चाला की!" संध्या खालून ओरडली. "मला बी परत एक चक्कर मारायचीय."