ऑइल पिणाऱ्या इंजिनाची व्यसनमुक्ती

त्या सकाळी पिकअपच्या स्टँडवर एकाही गाडीचं बॉनेट मिटलेलं नव्हतं. गाड्या आ वासून ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांचे मालकही तसेच. मधोमध एक पांढरा तंबू होता आणि तंबूसमोर साक्षात इंजिनमहाराज. अंगात पांढराशुभ्र डगला, गळ्यात स्टेथोस्कोप. सगळं आयुष्य इंजिनांच्या सेवेत गेलं असं सांगणाऱ्या या सत्पुरुषाच्या नखात काळ्या ऑइलचा ठिपकाही नव्हता.

"हे इंजिन पितं!" दूधवाल्याच्या गाडीला स्टेथोस्कोप लावून महाराज गरजले.

गर्दी हळहळली. खरं तर ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. इंजिन थकलं, आतल्या रिंगा झिजल्या, की ते डिझेलबरोबर ऑइलही जाळायला लागतं, आणि स्टँडवर त्याला 'इंजिन पितं' असंच म्हणतात. महाराजांनी तो एक शब्द उचलला होता आणि त्यावर अख्खं दुकान थाटलं होतं.

"संगत कुणाची आहे याला?"

दूधवाला गोंधळला. "संगत म्हणजे... रात्री सिमेंटच्या ट्रकशेजारी उभी करतो, महाराज."

"तरीच!"

महाराजांच्या चेल्यानं ऑइल मोजायची लांब पट्टी इंजिनातून उपसून सगळ्यांना दाखवली. ऑइल पार खालच्या खुणेपाशी गेलं होतं. मग ती पट्टी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून शुद्धीसाठी तंबूत गेली. तोवर महाराज इंजिनावर वाकून त्याची कानउघाडणी करत होते. "लाज नाही वाटत? मालकाच्या लेकराबाळांकडे बघ! सोड ही दारू! सोडलीस म्हण!"

इंजिन काही म्हणालं नाही. पट्टी तंबूतून परत आली, इंजिनात गेली, बाहेर आली, आणि ऑइल चक्क वरच्या खुणेला टेकलेलं. थेंबभरही न ओतता! लोकांनी टाळ्या पिटल्या आणि दूधवाल्यानं डोळे पुसले.

"आता ऑइलचं झाकण उघडायचं नाही," महाराजांनी बजावलं. "दारू सुटलेल्या माणसापुढे कुणी पुन्हा पेला ठेवतं का?"

गर्दीच्या मागे डॉक्टरताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. स्टँडसमोरच त्यांचा दवाखाना. महाराजांनी स्टेथोस्कोपची टोकं कानात उलटी घातली होती, हे त्यांना आल्याआल्याच दिसलं होतं. एरवी त्या हसून पेशंट तपासायला गेल्या असत्या. पण आठवड्यापूर्वी त्यांच्या धाकट्या भावाच्या पिकअपनंही इथेच दारू सोडली होती, त्यामुळे हसू ओठांवर येईना.

धाकट्यानं पिकअप घ्यायची ठरवली, तेव्हा स्टँडवर दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, जुन्या पद्धतीचं मोठं, साधं इंजिन घे, ताकद बेताची पण जीव दांडगा. दुसऱ्यांचं म्हणणं, नवं छोटं टर्बोचं इंजिन घे, पळतं काय, डिझेल वाचवतं काय! ताईंनी आपल्या जुन्या धिप्पाड एसयूव्हीकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "रोज घाटात ओझं न्यायचंय ना? मग धापा न टाकणारं घे." धाकटा म्हणाला होता, "ताई, तू माणसं तपास, गाड्या मी बघतो." आणि छोटं टर्बो घेऊन आला. पुढे ते प्यायला लागलं, पण धाकट्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. महाराज त्याला आवडले ते यासाठी. निवड चुकली नव्हती म्हणे, इंजिन फक्त वाईट संगतीला लागलं होतं!

दुपारी तो दवाखान्यात आला तो खुशीत. दुसऱ्या दिवसापासून डेअरीचा माल पोचवायचं काम मिळणार होतं. घाटापलीकडची पहिली फेरी नीट झाली की वर्षभराची ददात मिटली.

"पट्टी अजून फुल्ल दाखवते बघ, ताई!"

"आणि इंजिन काय म्हणतंय?"

"मस्त आहे. वळणावर तेवढा डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो."

"कुठला दिवा?"

"लाल. व्रताची ज्योत आहे ती, महाराजांनी सांगितलंय. चित्रच बघ ना, दिवा आहे आणि पुढे तेलाचा थेंब."

ताईंच्या हातातलं पेन थांबलं. "अरे गाढवा, ती ऑइलची झारी आहे! ऑइलचा दाब कमी पडला की तो दिवा लागतो. भरल्या ओझ्यानं घाटात इंजिन जाम झालं म्हणजे? गाडी तर जाईलच, पण तू..."

"ताई, तू माणसं तपास," धाकटा म्हणाला आणि निघून गेला.

तशा डॉक्टरताई माणसंच तपासायच्या. म्हणून तर एक गोष्ट त्यांना सकाळपासून खुपत होती. आजारी होतं इंजिन, आणि आतल्या खोलीत नेत होते ती पट्टी. संध्याकाळचे पेशंट आटोपते घेऊन त्या गॅरेजला गेल्या, तिथून स्पेअर पार्टच्या दुकानात, आणि पर्समध्ये मावेना अशी एक लांबट पुडी घेऊन एसयूव्हीसकट स्टँडवर हजर झाल्या.

"महाराज, माझंही पितं हो," त्यांनी रडवेला चेहरा केला. धाकटा हे बघून चक्रावलाच.

महाराजांनी स्टेथोस्कोप लावला. "पितं! भयंकर पितं! जन्मापासून पितं!"

"अगं बाई! ही घ्या पट्टी. मीच पुसून आणलीय, तुमचा पांढरा डगला कशाला खराब?"

आधीची पातळी न बघताच पट्टी तंबूत गेली. इंजिनाला यथास्थित शिव्या पडल्या. पट्टी परत आली, तशी ताईंनी ती चेल्याच्या हातून काढून घेतली, स्वतः आत घातली आणि उपसून उंच धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही तीन बोटं वर चढलं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या हळूहळू विरल्या, कारण इतकं ऑइल कुठल्याच इंजिनात नसतं.

"हे काय हो महाराज? सोडायच्या ऐवजी जास्तच ढोसलं की यानं!"

"कृपा... कृपा जरा अधिक झाली."

"माझं इंजिन पीत नाही. आत्ताच गॅरेजमध्ये बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरून आणलंय. विचारा मेकॅनिकला." ताईंनी पुडीतून त्याच मापाची कोरी पट्टी काढली आणि आत घातली. ऑइल नेमकं वरच्या खुणेला. मग दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी धरल्या. लांबी तीच, खुणा मात्र वेगळ्या. तंबूतून आलेल्या पट्टीवर जुन्या खुणांच्या जागी घासल्याची चकाकी होती आणि नव्या खुणा टोकाकडे सरकल्या होत्या. खूणच खाली आणली, की थोडं ऑइलही पुरेसं दिसतं.

कुणीतरी तंबूचा पडदा सारला. शुद्धीचं सगळं साहित्य तिथेच होतं: पॉलिश पेपर, छिन्नी आणि हातोडी.

"श्रद्धा नसेल तर प्रचीती येत नाही!" महाराज आपल्या गाडीकडे सरकत ओरडले.

"श्रद्धा होती हो," दूधवाला आडवा येत म्हणाला, "ऑइल नव्हतं!"

ताईंनी पुडीतली दुसरी पट्टी धाकट्यापुढे धरली. त्याच्याच गाडीची होती. "मी नाही घालत. तूच बघ."

त्यानं ती घातली, काढली. पुसून पुन्हा घातली. दोन्ही वेळा ऑइल खालच्या खुणेपर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं. टोक तेवढं ओलं होतं, आणि तेही डांबरासारखं काळं. तो तिथेच बंपरवर बसला.

"बघितलंत ना?" ताई गर्दीकडे वळल्या. "ताप उतरवायला औषध पेशंटला देतात, थर्मामीटरला नाही. इंजिन छोटं घ्या की मोठं घ्या, त्यावर खुशाल भांडा. पण दोन्ही टिकतात ती वेळेवर ऑइल बदलल्यानं, पेलेल तेवढंच ओझं घातल्यानं आणि लाल दिवा दिसला की गाडी बाजूला घेतल्यानं. कानात मंत्र पुटपुटून लोखंडाची झीज भरत नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा, की मोजायचं माप मध्ये कुणाच्या हातात गेलं होतं?"

लोक आपापल्या बॉनेटकडे धावले. ताई भावाजवळ येऊन बसल्या.

"इंजिन खोलावं लागेल ना?" त्यानं विचारलं.

"बहुतेक. पण अजून जाम झालेलं नाही."

धाकट्यानं खिशातला फोन काढला. ताईंना वाटलं, हा आता काहीतरी थाप मारणार. त्यानं डेअरीचा नंबर लावला.

"साहेब, उद्या गाडी येणार नाही. नाही, पंक्चर वगैरे काही नाही. इंजिन कधीपासून बिघडलंय, आणि मीच ते लपवत होतो." पलीकडचं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हो. दुरुस्त झालं की स्वतः येऊन दाखवतो. वाटलं तर पट्टी तुमची आणा."