‘नाइस’चा थोरला अर्थ

कुणाचा विश्वास बसणार नाही, तरी सांगतो: ‘नाइस’ या इंग्रजी शब्दाची अब्रू मी एकट्यानं वाचवली.

मी शब्दकोशाच्या छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे जुळवायचो. तिथला नियम एकच. अर्थ वयाच्या क्रमानं लावायचे, थोरला आधी. ‘नाइस’चं मूळ लॅटिनमध्ये, ‘काही न जाणणारा’. फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला ‘मूर्ख’ होऊन. पुढे लाजाळू झाला, नखरेल झाला, काटेकोर झाला. ‘छान’ व्हायला त्याला काहीशे वर्षं लागली. सगळा संसार मी ओळीनं जुळवून दोऱ्यानं बांधला होता.

संपादकसाहेब प्रूफ नाचवत आले.

“ही ‘मूर्ख’ची पहिली ओळ काढ.”

“का साहेब?”

“सगळे माझ्या बायकोला नाइस म्हणतात. उद्या तिनं कोश उघडला तर?”

“थोरल्याला हाकलून धाकट्याला पाटावर बसवायचं? जमणार नाही. ओळ गेली तर मीही चाललो.”

“मग पुरावा आण. जुन्या पुस्तकातलं वाक्य. जेवणाच्या घंटेपर्यंत!”

कोशासाठी जुन्या पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून ठेवलेली असायची; ‘नाइस’ची चिठ्ठी नेमकी तिच्या गठ्ठ्यात नव्हती. घंटेला राहिला होता पाऊण तास. म्हटलं, आता माघार नाही, माळ्यावरचे जुने गठ्ठे धुंडाळायचे. माळ्याच्या शिडीची तिसरी पायरी मोडली, म्हणून फळ्यांना लोंबकळत वर गेलो. चाळीस हजार चिठ्ठ्या! एक शिंक आली, तर ‘एम’च्या चिठ्ठ्या उडून ‘पी’त जाऊन बसल्या. उडता उडता मी त्या वाचून काढल्या. डोळे लाल, नाकात धूळ, पण हटलो नाही. शिपायानं घंटेच्या दोरीला हात घातला, आणि शेवटच्या गठ्ठ्यातली शेवटची चिठ्ठी माझ्या हाती लागली. सहाशे वर्षांपूर्वीचं वाक्य, त्यात ‘नाइस’ म्हणजे स्वच्छ मूर्ख! साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “राहू दे ओळ.”

“अहो, पुरे!” माझी ही गोष्ट ऐकून स्वयंपाकघरातून आमची ही ओरडली. त्या काळी छापखान्यातलं चिठ्ठ्यांचं कपाट तिच्याकडे असायचं. “माळ्यावर चढलात कधी तुम्ही? टेबल डुगडुगतं म्हणून ती चिठ्ठी तुम्हीच घडी करून पायाखाली सरकवली होतीत. गुडघे टेकून मी ओढून काढली आणि तुमच्या हातात ठेवली!”