मोठ्या खोलीतले आठ

पाचवा दिवस. मोठी खोली.
एक: ताप नाही. दोन: ताप नाही. तीन: उड्या मारतोय. चार: पाणी सांडलं.
असे आठही. ठणठणीत.

नेरिडाने आठांचाही ताप पुन्हा मोजला.

निदान चौघांनी तरी आजारी पडायला हवं होतं. फेरेट म्हणजे मुंगसाच्या चणीचा, लांबुडका, खोडकर प्राणी. त्याला फ्लू माणसासारखाच होतो, म्हणून ॲडलेडच्या या प्रयोगशाळेत तिने बनवलेल्या, नाकात घालायच्या थेंबांची परीक्षा त्यांच्यावर चालली होती. हे थेंब विषाणूला मारत नाहीत, अंगातल्या पहारेकऱ्यांना आधीच हलवून उठवतात. निम्म्यांना थेंब, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, मग सगळ्यांना फ्लू. मिठाच्या पाण्यानेही तेवढाच गुण येत असेल तर थेंब कशाला? सोमवारी समिती बसणार होती. फरक नाही, तर काम बंद. सहा वर्षांचं.

लहान खोली.
नऊ: शिंका. दहा: खेळतोय. अकरा: चावला. बारा: ताप, निपचित.

तिने यादी उघडली. नऊ आणि बारा: मिठाचं पाणी.

म्हणजे इथे थेंब लागू पडले. मग मोठ्या खोलीला झालं काय?

दाराजवळची वही. नाक वाहत असेल त्याने आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. १४ ऑगस्ट, प्रयोगाच्या तीन आठवडे आधी, बेव्हनचं अक्षर: नाक गळतंय. वॉटल.

"बेव्हन, हे काय रे?"

"वॉटलचा फुलोरा गं. सगळं गाव पिवळं झालेलं. त्या परागांनी मला दरवर्षी होतं."

"ताप होता?"

"किंचित."

"फुलांनी ताप येतो?"

बेव्हनने टोपी काढली. वीस वर्षं तो प्राणी सांभाळत होता. "शनिवारी मॅचला भिजलो होतो. म्हटलं, त्यानं असेल."

"आणि मुखपट्टी?"

"हनुवटीवर. त्यांना गालाला नाक लावायचं असतं ना."

"लहान खोलीतही?"

"तिथे तू मला फिरकू देतेस कुठे!"

प्रयोगाच्या आदल्या दिवशीचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. तिने ते तपासलं. मोठ्या खोलीतले आठही जण बेव्हनचा फ्लू कधीच काढून मोकळे झाले होते, म्हणून पुन्हा आजारी पडले नव्हते. लहान खोलीतले चौघे कोरे.

सोमवार. आठांबद्दल गप्प बसणं सोपं होतं. ती बसली नाही.

"म्हणजे उरले चार," समितीची प्रमुख फोटिनी म्हणाली. "चारांवर मी सकाळची कॉफीसुद्धा पैजेला लावणार नाही."

"मीही नाही. म्हणून बारा नवे मागतेय."

फोटिनीने दोन्ही खोल्यांचे आकडे पुन्हा वाचले. "आठांचं सांगितलंस, म्हणून या चारांवर विश्वास बसतोय. नाताळपर्यंत मुदत. घे."

बेव्हन बाहेर भिंतीला टेकून उभा होता. "मला भांडी धुवायला टाक. नाहीतर जातोच मी."

"जातोस कुठे? रक्त काढताना ती कार्टी तुझ्याच हातात गप्प राहतात. फक्त रोज सकाळी माझ्यासमोर ताप मोजायचा."

"मी? रविवारीही?"

"रविवारी तर आधी. शनिवारच्या मॅचनंतर."

"लग्नाची बायको इतकी चौकशी करत नाही," तो पुटपुटला, पण खुशीत.

नवे बारा. पहिला दिवस.
बेव्हन: ताप नाही. नाक कोरडं. कुरकुर भरपूर.
एक: ताप नाही. दोन: ताप नाही. तीन: उड्या मारतोय.