मोडेमचं बटण
मुलीचा फोन दुकानात आला तेव्हा टेलरमास्तर कोटाची बाही कापत होते.

"बाबा, घरचा फोन लागतच नाहीये. आईला बघा जरा."

"अगं, आंघोळीला गेली असेल," म्हणत मास्तरांनी बाही पुरी केली. दुपारी जेवायला घरी गेले, तर बायको टेलिफोनच्या टेबलापाशी जमिनीवर. तिला जाऊन दोन तास तरी झाले असतील, असं डॉक्टर म्हणाले. रिसीव्हर जागेवर होता. उचललाच नव्हता, की उचलून परत ठेवला होता, कोण सांगणार?

मुलीने दुसऱ्याच दिवशी टेलिफोन कंपनीकडे तक्रार ठोकली. फोन मेलेला होता म्हणून आईला मदत मागता आली नाही.

आठवड्याने लाइनमन आला. रिसीव्हर कानाला लावून म्हणाला, "चालू आहे की, मास्तर. त्या दिवशी मोडेम बंद होता का?"

"दुकानात निघताना मी घरातली सगळी बटणं बंद करतो. एकदा इस्त्रीने टेबल जाळलं, तेव्हापासून. पण मोडेम इंटरनेटचा. त्याचा फोनशी काय संबंध? बारा वर्षं बंद करतोय, फोन कधी बंद पडला नाही."

"पूर्वी तार इथं फुटायची, मास्तर. एक फाटा फोनला, एक मोडेमला. महिन्यापूर्वी आम्ही बदललं. तार तीच, पण फोन आता मोडेमच्या पाठीत खोचलाय. मोडेम झोपला की फोन झोपला. मावशींना दोनदा बजावलं होतं मी."

"मग? काय म्हणाली?"

"हसल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांचा हात बटणावर गेल्याशिवाय पाय बाहेर पडत नाही."

पण एवढे दिवस? त्यात कुणाचाच फोन दिवसा आला नाही? की मास्तर गेल्यावर तीच बटण लावायची, आणि त्या दिवशी राहिलं?

आणि तिने सांगितलं होतं का? फोन मोडेमला जोडला त्या संध्याकाळी मास्तर तोंडात टाचण्या धरून बसले होते. टेलिफोनवाला येऊन गेला, एवढं ती बोललेली आठवतं. पुढचं आठवत नाही. 'हं' म्हणाले असतील. ते नेहमीच म्हणत.

"मास्तर, तक्रारीवर काय लिहू?"

"मला काय विचारतोस, बाबा?"

"मग मुलीलाच विचारतो. तक्रार तिची आहे."

"थांब. मी बोलतो तिच्याशी."

मुलगी रोज विचारते, कंपनीने चूक कबूल केली का? मास्तर म्हणतात, बघू. बटणाचं त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही.