फेरीला एक खट

गाण्यांच्या कंपनीच्या बाई बाराला येणार होत्या आणि अकराला माझ्या कानात खट झालं.

तबकडीवर फुंकर मारली, सुई पुसली, हेडफोन परत चढवला. दोन गाण्यांमधल्या शांत जागेत पुन्हा खट. फेरीला एक.

"चालू दे ना आई," मुलगा म्हणाला. "तुला माशीनं पाय घासले तरी ऐकू येतं."

"मला येतं म्हणून या घरातली चूल पेटली. तू कान धुऊन ये."

हसला नाही तो. बाईंना नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम होतं. नाहीतर तबकड्या छापायचे आमचे दोन्ही प्रेस विकायचे, गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलेलं.

आमच्या ह्यांच्या काळी तबकडी ताटासारखी जड असायची. पुढे माल मिळेना, तेव्हा सगळ्यांनीच तबकड्या पातळ केल्या. खपल्या नाहीत त्या दळून पुन्हा त्याच मालात घातल्या. गाणं कमी, खरखर जास्त. मग कॅसेट आली आणि लोकांनी पाठ फिरवली ती फिरवलीच. आता त्यांच्याच नातवंडांना जड तबकडी हवी झाली आहे.

"तबकडी निवायच्या आत उपसलीस," मी मुलाला म्हणाले.

"घड्याळ लावून केलंय!"

"ठशाला ओरखडा असेल का हो आई?" सूनबाईनं विचारलं.

सगळ्या तबकड्या एकाच ठशानं दाबून काढलेल्या. दोष त्याचा असता तर प्रत्येक तबकडीत एकाच जागी वाजला असता. मी आणखी तीन लावल्या. एकीत सुरुवातीलाच खट, दुसरीत शेवटी, तिसरीत एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला तीनदा. म्हणजे दोष मालातच, तबकडीसाठी वितळवतो त्या प्लास्टिकच्या दाण्यांतच होता.

"दाणेवाल्यानं घात केला!" मुलानं फोन लावला आणि त्या माणसाचा उद्धार सुरू केला. मी तबकडी खिडकीपाशी तिरकी धरली. चकाकीत एक बारीक पुटकुळी दिसली. सूनबाईनं ती सुईनं उकरली. तिच्या बोटावर लाल तूस आलं. कागदाचं.



लाल लेबल आमचंच, ह्यांच्या वेळचं. माळ्यावर त्या जुन्या तबकड्यांची खोकी होती. गेल्या आठवड्यात मी त्यातल्या काही आमच्या चक्कीत दळल्या आणि नव्या दाण्यांत चार मापं कालवली. कुणाला सांगितलं नाही. वाटलं, जुना कसदार माल आहे, आवाजाला वजन येईल. दळण्याआधी मधलं लेबल कापून काढावं लागतं, तेही मीच काढलं. पण कामगारांसमोर चष्मा लावायचा मला कमीपणा. लेबल कापायचं यंत्र मधोमध बसलं नसणार आणि लेबलाची कड तशीच राहून गेली असणार.

बाहेर गाडी थांबली. बाई आत आल्या त्या थेट टेबलापाशी.

"दाणेवाल्यानं भेसळ केली हो," मुलगा फोन कानाला धरूनच म्हणाला. पलीकडे तो बिचारा मुलाबाळांच्या शपथा घेत होता, मला इथवर ऐकू येत होतं.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली. मला पाठीशी घालत होती! मला! तेच फार झोंबलं.

"फोन ठेव," मी म्हणाले. "त्याचा माल चोख आहे. घाण मी कालवली."



"मुद्दाम?" बाईंनी विचारलं.

"चांगल्यासाठी. पण तबकडीला ते थोडंच कळतं?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. "मी तीनला निघणार."

प्रेस उघडला. सगळा माल उपसला, नळ्या खरवडल्या, नवी गोणी फोडली. पहिल्या वीस तबकड्या फेकल्या. पावणेतीनला बाईंनी हेडफोन लावला. मी त्यांच्या पापण्यांकडे बघत बसले. खट झालं तर पापणी लवणारच.

लवली नाही.

"दुसरी बाजू." तीही झाली. बाईंनी हेडफोन खाली ठेवला. "काम देते. पण यापुढे कच्च्या मालाला एकाच माणसाचा हात लागेल. कुणाचा ते तुम्ही ठरवा."

 मुलानं लगेच माझ्यासमोर तळवा धरला. चक्कीची किल्ली त्यानं जन्मात कधी मागितली नव्हती.

मी ती कमरेची सोडली आणि त्याचा तळवा ओलांडून सूनबाईला दिली.

"आई!"

"न बघता ओरडणाऱ्याच्या हाती चक्की नको," मी म्हणाले. "आणि न सांगता कालवणारीच्याही नको."